मोडलेला पाय आणि परदेशचा बेत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. दरवर्षी वर्धापनदिनाला मी सतरंज्या घालते, चहाचे पाहते आणि मागे बसून ऐकते. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरात जे चालले आहे ते चारजणींच्या उपयोगाचे आहे. तेवढेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. शब्द पुढेमागे झाले तर संभाळून घ्यावे.

आमचा थोरला पंचवीस वर्षांचा आहे. नववीनंतर शाळा सुटली, पण हातात वेल्डिंगचे काम चांगले आहे. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तो कामाला होता. आमचे हे टॉवेलच्या मागावर आहेत. मागाचे काम एक आठवडा भरपूर, तर दुसऱ्या आठवड्यात मालक म्हणणार, सूत महाग झाले, एकच पाळी चालेल. तेव्हा मुलाने परदेशचा बेत केला. मस्कतला वेल्डरची जागा आहे असे कळले. दोन-तीन वर्षे राहायचे, डोक्यावरचे कर्ज फेडायचे, बहिणीचे लग्न करायचे आणि परत यायचे, असा त्याचा हिशेब. हिशेबात खोट काही नव्हती.

दिवाळी झाली आणि पंधरा दिवसांत होटगी रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला धक्का बसला. उजव्या पायाची नडगी मोडली. ऑपरेशन करून आत रॉड घातला. जीव वाचला हे सिद्धरामेश्वरांचे देणे. पण पासपोर्ट कपाटात, पाय उशीवर, आणि मुलाचे मन समुद्रापलीकडे, अशी आमच्या घराची अवस्था झाली. आज मला सांगायचे आहे ते हेच, की अशा वेळी घरातल्या बाईने काय पाहावे.

परदेशी जाणे आपल्या सोलापूरला नवे नाही. भैय्या चौकात डॉक्टर द्वारकानाथ कोटणिसांचे स्मारक आहे, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. ते 1910 साली इथेच जन्मले. 1938 साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठविले, त्यात सत्तावीस वर्षांचे कोटणीस गेले. तिकडे असतानाच त्यांचे वडील वारले, तरी जखमी सैनिकांना सोडून ते आले नाहीत. बाकीचे चौघे मायदेशी परतले. कोटणीस 9 डिसेंबर 1942 रोजी तिकडेच गेले, वय अवघे बत्तीस. दिवसरात्र शस्त्रक्रिया केल्या, अंगात आजार होता, विश्रांती कशी ती नाही. ज्या इस्पितळाचे ते प्रमुख झाले होते त्याला डॉक्टर बेथून यांचे नाव होते. हे बेथून कॅनडाचे. शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला कापले, त्यातून रक्तात विष भिनले आणि नोव्हेंबर 1939 मध्ये ते गेले. एवढा मोठा शल्यवैद्य, आणि बोटाच्या जखमेने गेला.

दुसरे नाव आनंदीबाई जोशी यांचे. 1883 साली अठरा वर्षांची ही मुलगी अमेरिकेला डॉक्टरी शिकायला गेली. निघतानाच प्रकृती नाजूक होती, डोकेदुखी आणि अशक्तपणा पाठीस लागलेला. 1886 साली पदवी मिळविली, कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूकही झाली. पण क्षयाने शरीर पोखरले होते. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्याला त्यांनी देह ठेवला. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

या थोर माणसांना मी नावे ठेवीत नाही, माझी ती पायरी नव्हे. त्यांच्यापुढे काम एवढे मोठे होते की देहाकडे पाहायला सवड नव्हती. आपली मुले जातात ती पोटासाठी. पोटासाठी जाणाऱ्याचे भांडवल म्हणजे त्याचा देह. तो मोडका घेऊन गेले तर तिकडे कमवायचे कशाने? आनंदीबाईंची आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या अनोळखी ठिकाणी उतरल्या नाहीत. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंशी त्यांचा आधीपासून पत्रव्यवहार होता आणि उतरल्या त्या त्यांच्याच घरी. दीडशे वर्षांपूर्वी ज्या मुलीने एवढे पाहिले, ते आज हातात फोन असताना आपण का पाहू नये?

आता पायाबद्दल. डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितले की नडगीचे हाड सावकाश जुळते. चार-सहा महिने धरून चालावे, कुणाला त्याहून जास्तही लागतात. रॉडमुळे हाड जागेवर राहते, जुळवायचे काम शरीरालाच करावे लागते. हे आमच्या मुलाला पटेना. त्याला वाटे, लोखंड घातले म्हणजे पाय पक्का झाला. त्याचा धंदाच लोखंड जोडायचा, मग दुसरे काय वाटणार? डॉक्टर हसून म्हणाले, "अरे, तू जोडतोस ते गार झाले की पक्के. हे मात्र रोज थोडेथोडे जोडले जाते."

घरात आम्ही चार गोष्टी पाळल्या. पहिली, तंबाखू आणि बिडी बंद. आपल्यातल्या कितीतरी जणी बिड्या वळून संसार चालवितात, त्या कष्टाला मी हात जोडते. पण धुराने हाड जुळायला उशीर लागतो असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, तेव्हा घरात काडीसुद्धा ओढू दिली नाही. दुसरी गोष्ट, जेवण. महागडे डबे आणले नाहीत. ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगांची चटणी, दूध, कधी अंडे, आणि सकाळचे कोवळे ऊन. तिसरी, व्यायाम शिकविणाऱ्याने सांगितलेले पायाचे व्यायाम ठरल्या वेळी. दुखते म्हणून सोडायचे नाहीत आणि हौसेने दुप्पटही करायचे नाहीत. चौथी, मालीश नाही. चांगल्या भावनेने दोघातिघांनी हाडवैद्य सुचविला. आम्ही नम्रपणे नको म्हटले, कारण डॉक्टरांनी पाय चोळायला सक्त मनाई केली होती.

तिसऱ्या महिन्यात खरी परीक्षा आली. परदेशी पाठविणारा एक एजंट घरी आला. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. म्हणाला, "जागा आठ दिवसांत भरणार. दीड लाख द्या. रॉडचे कुठे बोलू नका, फुल पँट घातली की कुणाला दिसते? व्हिजिट व्हिसावर पाठवितो, तिकडे गेल्यावर पक्का करून घेऊ." मुलाचा चेहरा उजळला. ह्यांनी माझ्याकडे पाहिले. मी चहा दिला आणि म्हटले, "दादा, तुमच्या परवान्याचा क्रमांक लिहून द्या, म्हणजे आम्ही पाहून घेतो." चहा संपायच्या आत त्याला दुसरीकडे जायची आठवण झाली.

भगिनींनो, ही गोष्ट प्रत्येकीने ध्यानात ठेवावी. परदेशी कामाला माणसे पाठविणाऱ्याला सरकारी परवाना लागतो. त्यासाठी 1983 सालचा कायदा आहे. सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर परवानाधारक एजंटांची यादी पाहता येते. माझ्या धाकटीने ती फोनवर दोन मिनिटांत काढून दाखविली. एजंटाने घ्यावयाच्या मोबदल्याची मर्यादा 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 रुपये. त्याची पावती मागावी. दीड लाख मागणारा माणूस पहिल्याच वाक्यात आपली ओळख देऊन जातो.

दुसरी गोष्ट. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआर असा शिक्का असतो. अशा माणसाला ओमान, सौदी, कुवेत, कतार, दुबईकडचा मुलूख, मलेशिया अशा ठरावीक देशांत कामाला जायचे असेल तर आधी सरकारची परवानगी लागते. आमच्या मुलाला तो शिक्का कमीपणाचा वाटे. मला तो राखीसारखा वाटला. त्या परवानगीसाठी करार दाखवावा लागतो, आणि प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो. विमा 10 लाखांचा, आणि हप्ता दोन वर्षांना 275 रुपये, तीन वर्षांना 375 रुपये, वर कर. महिन्याच्या चहापत्तीला जाईल एवढ्या पैशात विमा मिळतो, तो चुकवून व्हिजिट व्हिसावर जाणारा मुलगा कुणाच्याच वहीत नसतो. त्याला काही झाले तर विचारायचे कुणाला?

आमच्या शेजारी अक्का राहतात. त्यांचे माहेर तेलंगणातले, सिरसिल्ल्याकडचे. आपल्या सोलापूरचे कितीतरी पद्मशाली विणकर तिकडूनच इथे आले. करीमनगर, निजामाबाद, सिरसिल्ला या भागातली पुष्कळ माणसे आखातात जातात. अक्का म्हणाल्या, "आमच्याकडे पैसे आलेली घरेही आहेत आणि पेटी आलेली घरेही आहेत. जाताना दोन्ही घरांनी पेढेच वाटले होते." त्यांचे हे बोलणे मी मुलाला जेवताना सांगितले. त्या रात्री तो बराच वेळ गप्प होता.

तिसरी गोष्ट, वैद्यकीय तपासणी. आखातात जाण्यापूर्वी मान्यताप्राप्त केंद्रात रक्त, छातीचा फोटो आणि अंग तपासतात. तिकडे उतरल्यावर राहण्याचा परवाना काढताना पुन्हा तपासणी असते. पाय लपवून गेलेला मुलगा पकडला गेला तर परत येतो, कर्ज मात्र परत जात नाही. आणि समजा नाही पकडला गेला, तर काम काय मिळणार? वेल्डरला परातीवर चढावे लागते, उकिडवे बसावे लागते, उन्हात आठ-आठ तास उभे राहावे लागते. आमच्या डॉक्टरांचे एक वाक्य मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवले आहे: "हाड जुळले का ते एक्स-रे सांगेल, पाय पेलतो का ते काम सांगेल." म्हणून आम्ही ठरविले, आधी इथल्या कारखान्यात जुन्या कामावर दोन महिने पुरी पाळी करून दाखवायची. इथे पाय दुखला तर सिटी बसने घरी येता येते.

प्रवासाचेही थोडे सांगते. मुंबईहून मस्कतला विमान तीन तासांच्या आत पोहोचते. पण आपला प्रवास सोलापुरातूनच सुरू होतो. रात्रभर सिद्धेश्वर एक्सप्रेस, मग विमानतळावर बसणे, मग विमान. पायाचे ऑपरेशन झालेल्या माणसाने फार वेळ एका जागी बसले तर पायात रक्ताची गाठ होण्याचे भय असते. म्हणून प्रवासाची तारीख डॉक्टरांना विचारून ठरवावी, वाटेत उठून चालावे, पाणी प्यावे. पायात रॉड असल्याचे डॉक्टरांचे पत्र जवळ असावे, कारण तपासणीचे यंत्र वाजू शकते. ऑपरेशनचे कागद आणि एक्स-रे यांच्या प्रती सोबत आणि घरीही. दुखण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय पिशवीत टाकू नयेत. आपल्याकडे चिठ्ठीवर मिळणाऱ्या काही जबर गोळ्या आखाती देशांत कडक बंधनाखाली आहेत. गोळी नेायची झाली तर चिठ्ठी हवी आणि त्या देशाचा नियम आधी पाहायला हवा.

आता जे सांगते ते कागदाचे नाही, मनाचे आहे.

माझ्या मुलाला घाई का झाली होती? मला आधी वाटे पैशासाठी. मग एके दिवशी तो भाकरी अर्धी ठेवून उठला. मी विचारले तर म्हणाला, "आई, बाबा माग चालवितात, तू लोकांच्या साड्यांना फॉल लावतेस, आणि मी पाय पसरून खातो." तेव्हा उमगले. पायापेक्षा ही लाज त्याला जास्त दुखत होती. आणि ती लाज वाढवायला आपण सगळ्या थोडाथोडा हातभार लावतो. जिन्यात भेटणारी प्रत्येकजण विचारते, "काय रे, मस्कतचे काय झाले? कधी जाणार?" विचारणारीच्या मनात प्रेमच असते. पण दिवसातून दहा वेळा हे ऐकणाऱ्या मुलाला वाटते, आपण गेलो नाही म्हणजे कुचकामी ठरलो. अशा मुलाला मग "रॉडचे बोलू नका" म्हणणारा एजंट देवासारखा वाटतो.

म्हणून मी अक्कांना आणि आणखी दोघीतिघींना हात जोडून सांगितले, "त्याला कधी जाणार हे विचारू नका. आज किती पावले चाललास, हे विचारा." त्यांनी ऐकले. अक्का रोज सकाळी गॅलरीतून विचारू लागल्या. पहिल्या दिवशी तो म्हणाला वीस. पुढे वॉकर सुटला, काठी आली, आणि एक दिवस तो आपण होऊन म्हणाला, "अक्का, आज शाळेपर्यंत जाऊन आलो." त्या संध्याकाळी त्याने दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

बसल्या बसल्या करण्यासारखी कामेही आम्ही शोधली. त्याचा एक मित्र खिडक्यांच्या जाळ्या करतो, त्याची मापे आणि हिशेब हा मांडून देऊ लागला. महिन्याला थोडे पैसे आले, पण पैशापेक्षा ताठ मान आली. नकाशा वाचायला शिकला. पासपोर्ट, आधार आणि बँकेच्या पुस्तकात नाव तीन तऱ्हेने लिहिलेले होते, ते सारखे करून घेतले. कामाचा दाखला आणला. इंग्रजीतली सुरक्षेची पाटी वाचता यावी म्हणून धाकटी बहीण त्याला रोज दहा शब्द देते. परदेशी जाणाऱ्यांसाठी सरकारतर्फे प्रस्थानपूर्व प्रशिक्षण असते, तेही निघण्याआधी करायचे ठरले आहे. अशा रीतीने मोडलेल्या पायाने बेत थांबविला नाही, त्याची पूर्वतयारी करायला वेळ दिला.

आज तो कुठवर आला आहे हे तुम्हाला ऐकायचे असेल. ऑपरेशनला आठ महिने झाले. मागच्या एक्स-रेत हाड जुळलेले दिसले. काठी सुटली. गेल्या महिन्यापासून कारखान्यात अर्धी पाळी करतो, पुढच्या महिन्यात पुरी करून पाहील. मस्कतची ती जागा गेली. दुसरी येईल की नाही हे आज मला सांगता येत नाही. 2024 साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसे पाठविण्याचा करार केला असे त्याने वाचले, तेव्हा तोही विचार त्याच्या डोक्यात आहे. पण तिकडे भाषा शिकावी लागते. कर्ज अजून फिटलेले नाही, मुलीचे लग्न लांबले आहे. आई म्हणून मला तो इथेच राहावा असे वाटते, हे लपवीत नाही. पण माझ्या वाटण्यासाठी मी त्याच्या पायाचे निमित्त करणार नाही. पाय बरा झाला, कागद खरे असले, तर त्याच्या कपाळाला कुंकू लावून मीच त्याला स्टेशनवर पोचवीन. आणि पाय म्हणाला नाही, तर नाही. हा शब्द आम्ही दोघांनी एकमेकांना दिला आहे.

शेवटी मंडळाकडे एक मागणे आहे. आपल्या वस्तीतून दरवर्षी काही मुले बाहेर जातात. त्यांच्या घरच्या पुष्कळ बायका माझ्यासारख्या कमी शिकलेल्या. मंडळाने एक वही घालावी. जाणाऱ्या मुलाचे नाव, एजंटाचा परवाना क्रमांक, कराराची प्रत, विम्याचा क्रमांक, तिकडच्या भारतीय वकिलातीचा पत्ता आणि घरचा फोन त्यात लिहून ठेवावा. अडचणीत सापडलेल्या आपल्या माणसांसाठी वकिलातींकडे 2009 पासून एक निधी आहे, पण त्यांच्यापर्यंत पोचायला हातात कागद हवा. दर गुरुवारी भजनाआधी अर्धा तास, फोन चालविता येणाऱ्या दोन मुलींनी बसावे आणि ज्या आईला एजंटाचे नाव तपासायचे असेल तिला तपासून द्यावे. यासाठी वर्गणी लागत नाही. माझी धाकटी यायला तयार आहे, मी तिला विचारूनच बोलते आहे.

आणि ज्या घरात कुणी दुखण्यातून उठत असेल, त्या घरासमोरून जाताना एवढेच विचारा, "आज किती पावले चाललास?"